रेघेबाहेरचे ओठ

ललिताबाई हेडाऊंना राग आला की तो आधी पवनीच्या अख्ख्या कोष्टीपुऱ्याला कळतो आणि मग त्यांच्या नवऱ्याला. कृष्णराव पुढच्या खोलीत मागावर बसलेले असतात, धोटा इकडून तिकडे पळत असतो, आणि आतल्या खोलीत पेटाऱ्याचं झाकण धाडकन आपटतं. मग कृष्णराव माग थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि वाट पाहतात. बाहेर काय येतं ते पाहायचं. कधी शिव्या, कधी चहा.

त्या पेटाऱ्यांत राजेमहाराजे राहतात. पुठ्ठ्याचे मुकुट, काचेच्या हिऱ्यांचे कंठे, जरी उसवलेले शेले, रावणाची दाढी, इन्स्पेक्टरची टोपी. झाडीपट्टीत धान घरात आलं, मंडईची जत्रा भरली, शंकरपटाच्या बैलजोड्या पळाल्या की गावोगावी नाटकांचे मांडव पडतात आणि ललिताबाईंच्या ओसरीवर माणसं येऊन उभी राहतात.

"काकू, दोन मुकुट आन् एक शालू पाहिजे जी. हिरोइनीचा."

"हिरोइन कोन हाय?"

"पाटलाची पोट्टी."

"मंग शालू नाई, कमरेले दोरी पाहिजे तिले. मागच्या वर्षी इस्टेजवरून पडली होती ना थे?"

असं बोलत बोलत त्या शालू काढतात, उन्हात धरतात, फाटलं तिथं दोन टाके घालतात. राजाला राजा आणि राणीला राणी करून पाठवतात. स्वतः मात्र त्या फक्त एकदाच रंगमंचावर चढल्या. पुढचं सगळं समजायचं असेल तर ती गोष्ट आधी सांगायला हवी.

शाळेचं स्नेहसंमेलन होतं, रामायणातला प्रवेश बसवायचा होता. ललिताला सीतेचं सगळं पाठ होतं. सीतेचंच काय, रामाचंही पाठ होतं, रामाचं काम करणाऱ्या मुलाला तिनंच शिकवलं होतं. आवाज असा की मैदानाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीलाही हुंदका फुटावा. बाहेरून बदलून आलेले एक गुरुजी नाटक बसवत होते. त्यांनी ललिताला पुढं बोलावलं, दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड एका बाजूला वळवलं. गायबैलाचं पाहतात तसं.

"तोंड पुढं आहे तुझं," ते म्हणाले. "तू शूर्पणखा कर. रंगसुद्धा लागणार नाही."

वर्ग हसला. ललिताही हसली, कारण सगळ्यांनी हसल्यावर एकट्यानं न हसणं अवघड असतं. संमेलनाच्या दिवशी तिनं अशी शूर्पणखा उभी केली की लहान पोरं आयांच्या कुशीत शिरली, सीतेला कोणी विचारलंही नाही. लोक अजून आठवण काढतात. ललिताबाईंना मात्र टाळ्या आठवत नाहीत. हनुवटीवरची ती दोन बोटं आठवतात. त्या नंतर कधी रंग लावून उभ्या राहिल्या नाहीत.

तर असं हे तोंड. भरलेले ओठ, किंचित पुढं आलेले दात, आखूड सरळ नाक. ललिताबाईंच्या माहेरी सगळ्यांचं असंच. त्यांच्या आईचं होतं, थोरल्या बहिणीचं आहे, भावाचं आहे. आणि त्यांची एकुलती एक लेक, स्वाती, तिचंही तेच.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा झाला तेव्हा स्वाती नुकती शाळेत जायला लागली होती. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची तक्रार एवढीच होती की वरचा डावा सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून बसला होता. हसताना ओठ त्यात अडकायचा. "आई, तार लावून घेते," ती म्हणाली. ललिताबाई म्हणाल्या, "घे बापा. एक सुळा हाय, बसवून घे जाग्यावर." दोघी एसटीनं भंडाऱ्याला गेल्या.

दवाखाना बसस्टँडच्या मागच्या बाजूला, पितळी भांड्यांच्या दुकानावर होता. डॉक्टर अंकुर तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी स्वातीच्या डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढायला लावला आणि तो कॉम्प्युटरवर चढवला. करड्या धुक्यात स्वातीची कवटी दिसायला लागली. डॉक्टरांनी तिच्यावर ठिपके ठेवले, ठिपक्यांतून रेघा ओढल्या, आणि बाजूला आकडे उमटले. बरेचसे लाल.

"हे बघा काकू," डॉक्टर म्हणाले. "नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत ही रेघ. ओठ हिच्या आत पाहिजेत. स्वातीचे दोन्ही बाहेर आहेत."

"बरं. मंग?"

"म्हणजे प्रश्न एका सुळ्याचा नाही. दोन्हीकडचे दात पुढं आहेत. वरचे दोन आणि खालचे दोन दात काढायचे, त्या जागेत बाकीचे मागं ओढायचे. ओठ आत जातील. चेहरा सुधारेल."

ललिताबाईंनी 'सुधारेल' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या हनुवटीला काहीतरी टोचलं.

"जे काढाचे हायेत, थे किडले हायेत काय?"

"नाही, एकदम चांगले आहेत."

"हलून राहिले?"

"नाही हो."

"मंग त्यायचा गुन्हा काय जी?"

स्वातीनं आईच्या मांडीला चिमटा काढला. पण ललिताबाई सुरू झाल्या की त्यांना पडदा पाडूनही थांबवता येत नाही.

"ही रेघ कोनं मारली?"

"ती पुस्तकातली असते, काकू. ठरलेलं माप असतं."

"पुस्तकात कोनाचे तोंडं मोजले?"

डॉक्टर खोटं बोलणारा माणूस नव्हता. "मूळ मापं अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांची आहेत," ते म्हणाले. "पण सगळीकडं वापरतात."

"अन् त्यायच्यात पवनीचं कोनी होतं काय?"

"आई! चूप राय ना!"

ललिताबाई चूप राहिल्या. पण चूप राहणं वेगळं आणि मानणं वेगळं. अहो, कुठंतरी सातासमुद्रापलीकडं कोणी आपल्याच लोकांतले निवडक चेहरे समोर बसवले, त्यांच्या नाकाहनुवटीची मापं घेतली, बेरीज-भागाकार केला. केला तर केला. आपल्या लोकांसाठी केला असेल तर चांगलंच केलं. त्यांची नाकं लांब. लांब नाकापासून रेघ ओढली की ती तोंडापासून दूर जाते, ओठ बिचारे आपोआप आत राहतात. आमची नाकं आखूड. तीच रेघ आमच्या ओठांवरून जाते, आणि गुन्हेगार कोण? ओठ! नाक सुटलं, पुस्तक सुटलं, रेघ सुटली, आणि शिक्षा कोणाला, तर चार निरोगी दातांना. असा न्याय नाटकातल्या आंधळ्या राजाच्या दरबारातही कोणी लिहिणार नाही. लिहिला तर प्रेक्षक चप्पल फेकतील.

दोघी जिना उतरल्या. दुकानाच्या पायरीवर पाणी भरायचे पितळेचे गुंड ओळीनं मांडले होते, नवेकोरे, आरशासारखे. स्वाती एकासमोर थांबली. गुंडाच्या फुगीर पोटात तिचा चेहरा उमटला, सगळं तोंड पुढं, नाक आणि डोळे मागं कुठंतरी. पितळेच्या पोटात कोणाचंही तोंड तसंच दिसतं. पण स्वातीनं ओढणी उचलली आणि तोंडावर धरली.

एक सुळा घेऊन गेलेली पोरगी अख्खा चेहरा चुकलेला घेऊन परत आली.

त्या दिवसानंतर ओढणी खाली आलीच नाही. बोलताना ओढणी, हसताना तर हात आणि ओढणी दोन्ही. मामेभावाच्या लग्नात फोटोवाल्यानं हाक मारली तेव्हा ती मागच्या रांगेत गेली आणि कोणाच्या तरी खांद्याआड उभी राहिली. ललिताबाई पाहत होत्या. पेटाऱ्यांची झाकणं आपटत होती.

"अवं, मी हे तोंड देलं तुले," चौथ्या महिन्यात एकदा त्या म्हणाल्या. "मले माझ्या मायनं देलं."

"तेच तं म्हणून राहिली ना मी," स्वाती म्हणाली.

ज्या बाईला रामाचे आणि सीतेचे दोन्ही संवाद पाठ, तिला आपल्या लेकीपुढं संवाद आठवला नाही. स्वाती पुढं म्हणाली, "डॉक्टरले तुझ्यापेक्षा जास्त समजते, आई. सोमवारी जाचं हाय. दोन दात सोमवारी, दोन पुढच्या टायमाले." पोरगी सज्ञान, चेहरा तिचा. ललिताबाई काय करणार? त्या रात्रभर कुढल्या आणि सकाळी म्हणाल्या, "येते मी संगं."

इथं कृष्णरावांच्या हातून चूक घडली. मोठी नव्हे, बोलण्यातली. पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "सोमवारी माग बंद काहून?" कृष्णरावांना दात काढणं, तार, माप, रेघ हे सगळं समजावून सांगायचा कंटाळा आला. ते म्हणाले, "पोरीचं दाताचं ऑपरेशन हाय, भंडाऱ्याले."

ऑपरेशन! कोष्टीपुऱ्यात हा शब्द एकदा हवेत सुटला की परत येत नाही. ऑपरेशनला माणूस एकटा जात नसतो. सगळे नातेवाईक जातात, डबे घेऊन, सतरंजी घेऊन, आणि पेशंट बाहेर येईपर्यंत दवाखान्यात बसून राहतात. जो गेला नाही त्याचं नाव पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला निघतं. कृष्णरावांचे भाऊबंद नागपूरला, त्यांना कळायला वेळ लागला. ललिताबाईंचं माहेर मात्र त्याच गावात. सोमवारी सकाळी दारात काळीपिवळी जीप उभी, आणि तिच्यात माहेरची माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढं भाऊ टिकाराम, मांडीवर नारळ.

"हे काय गा टिकाराम?"

"ऑपरेशन हाय म्हने स्वातीचं. रक्त लागलं तं माझं घ्या. मी काल चांगला जेवलो हावो."

"अरे, रक्त कायले लागते? दात काढाचे हायेत!"

"भाऊजी ऑपरेशन म्हनले ना!"

ललिताबाईंनी कृष्णरावांकडं पाहिलं. कृष्णराव चष्मा पुसत होते, फार मन लावून. जीपमधून थोरली बहीण सत्यभामाबाई म्हणाली, "आता बसा वं लवकर. उपाशी आलो आमी सारे." स्वातीनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि लाजेनं कोपऱ्यात बसली. जीप निघाली.

दवाखान्याची बाहेरची खोली लांबट होती, भिंतीला लागून एक बाकडं, आणि पार टोकाला वर टांगलेला टीव्ही. कृष्णराव खाली जीपपाशीच थांबले. माहेरची माणसं त्या बाकड्यावर ओळीनं बसली आणि सगळ्यांनी माना टीव्हीकडं वळवल्या. सत्यभामाबाई, टिकाराम, त्याची दोन्ही मुलं, चुलतभाऊ, त्याच्या दोन बहिणी, एका बहिणीची मुलगी, शेवटी ललिताबाई आणि ललिताबाईंशेजारी स्वाती. थर्मासमधून चहा निघत होता, चिवड्याची पुडी फिरत होती, टिकारामचा नारळ पायाशी.

आवाज ऐकून डॉक्टर अंकुर दार उघडून बाहेर आले. कपाळाला आठी होती. "अहो, पेशंट एक आणि तुम्ही इतके..." एवढं म्हणाले आणि थांबले.

दारातून त्यांना सगळे बाजूनं दिसत होते. एकामागं एक, एकामागं एक, तेच आखूड नाक, तेच भरलेले ओठ. म्हाताऱ्या सत्यभामाबाईंपासून शेवटच्या ओढणीपर्यंत. दहा माणसं घेऊन एखादं नाटक उभं करावं, आणि पडदा उघडल्यावर सगळ्यांनी एकच मुखवटा घातलेला दिसावा, तसं. फक्त हा मुखवटा नव्हता.

ललिताबाईंनी त्यांचं थांबणं पाहिलं. आयुष्यभर विंगेत उभ्या राहिलेल्या बाईला कधी पुढं यायचं ते कळतं. त्या उठल्या.

"सांगा डॉक्टर साहेब," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा लागला की खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. "आता कोनाकोनाचे काढता?"

टिकारामनं घाईनं तोंड मिटलं. "माझे नोका काढू जी, मी रक्त द्याले आलो."

कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. ते परत आत गेले, आणि ललिताबाई त्यांच्या मागोमाग, स्वाती ललिताबाईंच्या मागं, सत्यभामाबाई काठी टेकत सगळ्यांच्या मागं. डॉक्टरांनी स्वातीचा एक्स-रे पुन्हा पडद्यावर आणला. कोपऱ्यात कुठंतरी बोट लावलं. तिथं वेगवेगळ्या देशांच्या लोकांची मापं निवडायची सोय होती. कॉम्प्युटर आला तेव्हा पहिलं नाव होतं तेच राहिलं होतं, कोणी हात लावलाच नव्हता. डॉक्टरांनी ते बदलून भारतातलं केलं. एक लाल आकडा काळा झाला. मग दुसरा. तिसरा लालच राहिला.

"म्हंजे हे यंत्रात होतंच?" ललिताबाईंचा आवाज बारीक झाला. त्यांचा आवाज बारीक झाला की मोठ्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटते. "होतं, अन् पाह्यलं नाही? पोरीनं चार महिने तोंड झाकलं, डॉक्टर साहेब. चार महिने थे फोटोत उभी राह्यली नाही. अन् तुमचं बोट तेवढं तिथं गेलं नाही?"

"काकू, हेही पूर्ण खरं माप नाही," डॉक्टर म्हणाले. "हीसुद्धा दुसऱ्याच भागातली माणसं आहेत. आपल्याकडचं कोणी मोजलेलं मला तरी माहीत नाही."

"मंग लाल शाई कायच्या भरवशावर लावता?"

इतका वेळ सत्यभामाबाई डॉक्टरांकडं निरखून पाहत होत्या. त्यांची ती खोडच. पवनीच्या बाजारात कोणी नवं पोर दिसलं की हाताला धरून थांबवतात, तोंड पाहतात आणि म्हणतात, तू अमकीचा नातू ना गा? सहसा चुकत नाहीत.

"तू कोनाचा गा, बापा?" त्यांनी विचारलं.

"मी नाकाडोंगरीचा, आजी."

"नाकाडोंगरी?" त्यांनी मान हलवली. "तिकडचे लोक पाह्यले मी. माझी नणंद तिकडेच देली. पन तुझ्या तोंडावरून काहीच पत्ता लागत नाही. डोये आपल्याइकडचे दिसतेत, अन् तोंड पाहावं तं कोनाचं काय मालूम."

डॉक्टरांचा हात नकळत ओठांवर गेला. स्वातीनं तो हात पाहिला. तिला तो ओळखीचा होता.

"माझेही काढलेत, आजी," डॉक्टर म्हणाले. "शिकत होतो तेव्हा. चार."

"किडले होते?"

"नाही."

"घरचे काय म्हनले?"

"आई काही बोलली नाही. मामा म्हणाले, आता तू आमच्यातला दिसत नाहीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं ते ऐकून."

बाहेर टिकाराम टीव्हीवर काहीतरी पाहून हसत होता. ललिताबाईंचा राग तिथंच होता, पण तो आता या मऊ बोलणाऱ्या पोराच्या डोक्यावरून पलीकडं गेला. कुठं गेला? ज्यांनी याच्या डोक्यात ती रेघ घातली त्यांच्याकडं. त्यांच्या मागं आणखी कोण होतं त्यांच्याकडं. पार मागं, शाळेच्या वर्गात हनुवटी धरून उभ्या असलेल्या त्या गुरुजींकडं. एवढ्या सगळ्यांना ओरडायचं तर आवाज कुठवर लावायचा?

स्वाती खुर्चीवर बसली. ओढणी गळ्यात खाली घेतली.

"सर," ती म्हणाली, "मले फक्त हा सुळा जाग्यावर पाहिजे. दात काढाचे नाहीत."

"वेळ जास्त लागेल," डॉक्टर म्हणाले. "दातांच्या कडा थोड्या घासून जागा करावी लागेल. सुळा कदाचित अगदी सरळ बसणार नाही, थोडा वळलेला राहील. आणि ओठ आहेत तिथंच राहतील."

"राहू द्या."

"नक्की?"

"मी त्यायच्यातलीच दिसाले पाहिजे," स्वातीनं बाहेरच्या बाकड्याकडं मान हलवली. मग जरा हसून म्हणाली, "टिकाराममामा तेवढा सोडून."

त्या दिवशी रक्ताचा थेंब सांडला नाही. टिकारामला ते फार लागलं. नारळ कुठं फोडायचा म्हणून तो जीपमध्ये भंडाऱ्याहून पवनीपर्यंत कुरकुरत राहिला, शेवटी वैनगंगेच्या पुलाअलीकडं उतरून फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. सगळ्यांनी पुढच्या दातांनी कराकरा खाल्लं.

सुळा दीड वर्षात जागेवर आला. थोडा वळलेला राहिला, डॉक्टर म्हणाले होते तसा. डॉक्टर अंकुर आता येणाऱ्या पेशंटला आधी घरच्या माणसांना घेऊन या म्हणतात, असं ऐकू येतं. चांगली गोष्ट आहे. त्यांचे चार दात परत येणार नाहीत, ते वेगळं.

पण ललिताबाईंचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. दात वाचले, सुळा बसला, तरी एक गोष्ट बसली नाही. स्वाती हसली की तिचा हात अजून तोंडावर जातो. ओढणी गेली, हात राहिला. तिला कळतही नाही. चार महिन्यांत लागलेली सवय चार वर्षांत सुटली नाही. कोणती तार लावून तो हात खाली आणायचा, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय ते कोणी दाखवावं.

म्हणून ललिताबाई आपल्या परीनं करतात. ओसरीवर मुकुट उन्हात पडलेले असतात, कोणी शालू मागायला आलेलं असतं, कोणी विनोद करतं आणि स्वाती हसते. हात वर निघतो. आणि आतून, पेटाऱ्यांच्या मागून, अख्ख्या कोष्टीपुऱ्याला ऐकू जाईल असा तो आवाज येतो, जो एका गुरुजींनी सीतेसाठी नाकारला होता:

"हात खाली! तोंड प्रेक्षकांकडे!"